उतरताना

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या मागे,
पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर माझा वर्ग भरतो.
पहिल्याच आठवड्यात गिरणीवाले दुगाणे जिना चढून आले.
ताई, तुमची माणसं उडी मारतात की पोती टाकतात?
खाली माझी चाळण हलते.

तेव्हापासून वर्गाला एकच नियम:
उडी हवी तेवढी उंच मारा,
उतरल्याचं दुगाण्यांना कळता कामा नये.
आधी चवडा, मग टाच,
मग घोटा, गुडघा, खुबा,
एकेकानं थोडं थोडं घ्यायचं,
पंगतीत आमटीचं पातेलं हातोहात पुढे जावं तसं.
एकानं हात आखडला
की शेजारच्याच्या मांडीवर कढत.

मी हे एकोणिसाव्या वर्षी शिकले, एका सेकंदात.
खो-खोचा सामना, खांबाला वळसा,
मागे कुणी नाही, कुणाचा हातही लागला नाही.
पाऊल मातीत रुतलं, अंग वळलं, गुडघा आत झुकला
आणि हरभऱ्याचा घाटा फुटावा
एवढाच आवाज.
पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

वर्षभर विचारत होते, चूक कुणाची.
आता सांगते मुलांना:
वर खुबा, खाली घोटा, दोघेही घरमालक,
गुडघा मधल्या मजल्यावरचा भाडेकरू.
वरचा आळशी, खालचा आडमुठा,
आणि भिंतीला तडा जातो तो याच्या.

उन्मेष केळशीकर दहा तास खुर्चीत असतो, हिंजवडीला.
त्याला दिवाळीपर्यंत शंभर किलो उचलायचेत.
मी त्याच्या पाठीला झाडूचा दांडा लावते:
डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे.
वाक. कमरेत नको, खुब्यात.
दोन्ही हातांत सामान असताना
गाडीचं दार बुडानं लोटतोस ना,
तसं.
तो लाजतो, आणि मग त्याला जमतं.

एकदा सगळा वर्गच खाली नेला.
लिंबाजी खिलारे मार्केट यार्डातून गहू घेऊन आले होते.
पन्नास किलोचं पोतं, अंगाला चिकटून,
श्वास आधी कोंडलेला, पाठ फळीसारखी,
आणि वळताना कंबर नाही, पावलं वळतात.
उन्मेषनं फोनवर टिपून घेतलं.
बघा, मी म्हटलं, याला म्हणतात उचलणं.

मग ते पायरीवर बसले, बसताना एक हात भिंतीला.
दिवसाला किती पोती होतात, काका?
मोजत नाही, म्हणाले.
मोजली की जड होतात.
पिशवीतून घडी घातलेला एमआरआय काढला,
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
जुन्या वहाणेच्या टाचेसारखी झिजलेली.
या माणसानं माझ्यासमोर एकही चूक केली नव्हती.

वर येऊन फळ्यावरचं वाक्य पुसलं:
नीट उचललं तर काही होत नाही.
सहा वर्षं ते तिथे होतं.
त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

आता एक वही आहे. किती वजन, किती वेळा,
आदल्या रात्री झोप किती.
उन्मेष वैतागतो, ताई, हे तर बँकेसारखं झालं.
झालं तर झालं.
आज नव्वदवर थांब. पाठ विचारते आहे,
तिला उत्तर दे.

गुरुवारी लाइट नसते, गिरणी बंद.
लिंबाजी वर येतात, चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे.
मी त्यांना काही उचलायला देत नाही.
सतरंजीवर उताणं, गुडघे उभे,
श्वास पोटात, हळूहळू बाहेर.
पहिल्यांदा ते तसेच झोपून गेले
आणि वर्गानं अर्धा तास कुजबुजतच व्यायाम केला.

ते जातात तेव्हा मी दारात उभी राहते.
चाळण थांबलेली असते, सगळं ऐकू येतं.
सोळा पायऱ्या.
मागच्या महिन्यात सगळ्या वाजायच्या.
आता फक्त नववी वाजते,
वळणावरची,
जिथे कठडा संपतो.